पापणीची किनार

भर दुपारी पेंगणाऱ्या मांजरीकडे जवळून पाहिले, तर तिच्या डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यातून एक पांढुरका पडदा बुबुळावर सरकलेला दिसतो. मांजर दचकून जागी झाली की तो क्षणात कोपऱ्यात नाहीसा होतो. बैल, घोडा, कुत्रा, शेळी यांच्या डोळ्यांतही हा पडदा असतो. कोंबडीच्या डोळ्यात तर तो सहज पाहता येतो. यालाच तिसरी पापणी म्हणतात. आपल्या डोळ्यात तिचा केवळ अवशेष उरला आहे. दोन विद्यार्थ्यांना समोरासमोर बसवून एकमेकांच्या डोळ्याचा आतला कोपरा पाहायला सांगावे. तेथील लालसर उंचवट्याला लागून चंद्रकोरीसारखी एक बारीक घडी दिसते, ती हीच. डार्विनने १८७१ सालच्या आपल्या ग्रंथात माणसाच्या शरीरातील अवशेषरूप अवयवांबद्दल लिहिताना या घडीचा उल्लेख केला आहे.

माणसात ही घडी बिनकामाची झाली, म्हणून जनावरातही ती बिनकामाची असेल असे मात्र नाही. तरीही पापणीचा एखादा भाग 'जास्तीचा' आहे असे समजून तो कापून टाकण्याची चूक जनावरांवर उपचार करणाऱ्यांनी शतकानुशतके केली. कधी तिसरी पापणी कापली, कधी तिच्यातील ग्रंथी, तर कधी जखमेतून लोंबणारा पापणीचा तुकडा. ही चूक कशी झाली आणि कशी सुधारत गेली, हा पशुवैद्यकाच्या इतिहासातील एक छोटा पण बोलका भाग आहे.

प्रश्न आपल्या गोठ्यातलाच आहे. यवतमाळ जिल्ह्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, शिंगे रंगवतात, आणि दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात. त्या बैलांचे डोळे एकदा निरखून पाहावेत. एखाद्याच्या वरच्या पापणीला खाच पडलेली दिसेल, एखाद्याच्या बुबुळावर पांढरा डाग दिसेल. रोही आणि रानडुकरे पिकात शिरू नयेत म्हणून घातलेली काटेरी तार, बाभळीचा काटा, शेजारच्या बैलाचे शिंग, गोठ्यातला उघडा खिळा, यांपैकी काहीही कारण असू शकते. कुत्र्यांच्या बाबतीत बहुधा भांडण, आणि मांजरीच्या बाबतीत दुसऱ्या मांजरीची नखे. पापणी फाटली की रक्त भरपूर येते, सूज झपाट्याने चढते आणि फाटलेला तुकडा लोंबू लागतो. पाहणाऱ्याला वाटते की हा तुकडा मेलाच, कापून टाकलेला बरा. पुष्कळदा डोळा जातो तो या समजुतीमुळे.

का, ते कळण्यासाठी पापणीचे काम समजून घ्यावे लागेल. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला पारपटल म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्या असत्या तर आरपार दिसले नसते. त्यामुळे पारपटलाला हवेतून मिळणारा प्राणवायू अश्रूंच्या पातळ थरातून घ्यावा लागतो, आणि तो थर सारखा पसरलेला राहावा हे काम पापणीचे. पापणीची किनार म्हणजे नुसता कातडीचा काठ नव्हे. तेथे तेलकट स्राव देणाऱ्या ग्रंथींची ओळ असते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ हाइनरिख माइबोम याने १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. तेलाचा हा थर अश्रूंना वाळू देत नाही. मोटारीची काच पुसणाऱ्या पट्टीचे रबर एके ठिकाणी तुटले तर काचेवर नेमकी तेवढीच रेघ कोरडी राहते. पापणीच्या किनारीला खाच पडली की पारपटलाचेही तसेच होते. तो पट्टा वाळतो, तेथे व्रण पडतो, आणि व्रण भरला तरी मागे पांढरा डाग राहतो. शिवाय खाचेजवळचे केस आत वळून पारपटलाला टोचत राहिले तर दुखणे आयुष्यभराचे होते.

तिसऱ्या पापणीचे काम याला पूरक असे आहे. बैल किंवा कुत्रा डोळ्यामागच्या एका खास स्नायूने डोळा खोबणीत मागे खेचू शकतो. माणसाला हे जमत नाही. डोळा मागे गेला की तिसरी पापणी आपोआप पुढे सरकते आणि पारपटल झाकते. दाट गवतात तोंड घालून चरणाऱ्या जनावराला याचा किती उपयोग होत असेल हे वेगळे सांगायला नको. तिच्या बुडाशी अश्रू तयार करणारी एक ग्रंथीही असते. तिची गोष्ट पुढे येईल.

आता चुकीच्या इतिहासाकडे वळू. युरोपात अठराव्या शतकापर्यंत घोड्यांचे वैद्य म्हणजे नालबंद. घोड्याची तिसरी पापणी पुढे आली की ते तिला 'हॉ' असे म्हणत आणि तो स्वतंत्र रोग समजत. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या आरंभी लोकप्रिय झालेल्या जर्व्हेस मार्कहॅमच्या अश्ववैद्यकाच्या पुस्तकात या 'हॉ'वरचा उपाय दिलेला आहे. पापणीत सुई-दोरा ओवायचा, तो ओढून पडदा बाहेर काढायचा आणि कापून टाकायचा. भूल नव्हतीच. घोड्याला पाडून, बांधून हे करीत.

यातला सर्वांत करुण प्रकार धनुर्वाताचा. धनुर्वात झालेल्या घोड्याचे सर्व स्नायू ताठरतात. त्यांत डोळा मागे खेचणारा स्नायूही आलाच. त्यामुळे तिसरी पापणी अर्ध्या डोळ्यापर्यंत सरकून तेथेच राहते. घोड्याची हनुवटी वर उचलली की ती झटकन पुढे येते. आजही पशुवैद्य धनुर्वात ओळखताना हे लक्षण पाहतात. नालबंदाला दिसत होते ते हेच, पण त्याने त्याचा अर्थ उलटा लावला. डोळ्यावर पडदा आला आणि घोडा लाकडासारखा ताठला, म्हणजे पडदा हेच आजाराचे मूळ असणार! मग पडदा कापायचा. घोडा बहुधा मरायचाच, आणि उपाय उशिरा केला म्हणून मेला असे म्हणायला जागा राहायची. एखादा घोडा सौम्य आजारातून वाचला तर श्रेय सुरीला मिळे. निरीक्षण अचूक असूनही अनुमान चुकावे, याचे इतके स्पष्ट उदाहरण वर्गात सांगायला क्वचितच मिळेल.

१८३१ साली इंग्लंडमध्ये विल्यम युआट या पशुवैद्याचे घोड्याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्याने या पडद्याची रचना आणि उपयोग समजावून सांगून तो कापणाऱ्यांवर कडक टीका केली. धनुर्वाताचे खरे कारण कळायला मात्र आणखी अर्धे शतक जावे लागले. १८८४ साली आर्थर निकोलायर या जर्मन वैद्याने बागेतील माती उंदरांना टोचून धनुर्वात उत्पन्न करून दाखविला, आणि १८८९ साली शिबासाबुरो कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने बर्लिनमध्ये त्याचे जिवाणू वेगळे काढले. रोग मातीत होता. तो खुराच्या जखमेतून शरीरात शिरत होता, आणि नालबंद इकडे डोळा कापत होता.

आपल्याकडे काय होते? घोडा आणि हत्ती यांच्या वैद्यकाची परंपरा भारतात जुनी आहे. शालिहोत्र हे नाव अश्ववैद्यकाशी इतके जोडले गेले की त्यावरून घोड्यांच्या वैद्याला सालोत्री हा शब्द रूढ झाला. पालकाप्याच्या नावावर हत्तींच्या आजारांचा मोठा ग्रंथ आहे. महाभारतात अज्ञातवासात नकुल विराटाचे घोडे सांभाळतो आणि सहदेव गाई. अश्वचिकित्सेचा एक ग्रंथ नकुलाच्या नावानेही सांगितला जातो. पण पापणीच्या शस्त्रक्रियेचे सर्वांत बारकाईचे वर्णन मिळते ते माणसांच्या वैद्यकात, सुश्रुतसंहितेत. डोळ्यांचे ७६ रोग सांगताना सुश्रुताने त्यांतले २१ पापणीचे मानले आहेत. पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचू लागले तर काय करावे, हे तो सांगतो. पापणीच्या किनारीपासून थोडे अंतर सोडून वरच्या कातडीचा जवाच्या दाण्याच्या आकाराचा तुकडा काढावा, कडा केसाने शिवाव्यात, आणि टाक्यांची टोके कपाळावर बांधलेल्या पट्टीला बांधून ठेवावीत. कातडी आखडली की किनार बाहेर वळते.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. सुश्रुत कातडी कापतो, किनार कापत नाही. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस यानेही जवळजवळ हीच युक्ती लिहून ठेवली आहे. काही जातींच्या कुत्र्यांत पापणी जन्मतःच आत वळलेली असते. त्यांच्यावर आजचे पशुवैद्य करतात ती शस्त्रक्रिया सेल्सस आणि एकोणिसाव्या शतकातील हॉट्झ यांच्या जोडनावाने ओळखली जाते. सुश्रुताचे नाव त्यात यायला हरकत नव्हती. फाटलेली कानाची पाळी जोडण्याच्या १५ पद्धतीही त्याने दिल्या आहेत. म्हणजे फाटलेले मांस टाकून न देता जोडायचे असते, हा विचार आपल्याकडे फार पूर्वीपासून होता. तो गोठ्यापर्यंत का पोहोचला नाही, याचे माझ्या मते एक साधे कारण आहे. माणसाला 'हलू नको' म्हणून सांगता येते, बैलाला सांगता येत नाही. पापणीच्या काठावर टाका घालायचा तर काम मिलिमीटरमध्ये मोजावे लागते. जनावर डोके झटकत असताना ते होणे शक्य नव्हते, कापणे मात्र एका झटक्यात होत असे. सुरी सोपी पडली ती अशी.

हे बदलले ते भुलेमुळे. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग झाला आणि पुढच्याच वर्षी जनावरांवरही ईथर वापरून पाहिले गेले. पण डोळ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे वर्ष १८८४. व्हिएन्नातील तरुण डॉक्टर कार्ल कोलर याने कोकेनच्या द्रावणाचा थेंब आधी बेडकाच्या डोळ्यात, नंतर ससा व कुत्रा यांच्या डोळ्यांत आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यात टाकला. डोळा टोचले तरी मिटेना. म्हणजे माणसाच्या डोळ्याला स्थानिक भूल मिळाली ती जनावरांच्या डोळ्यांवर तपासून. पुढे १९४३ साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले आणि भूल पुष्कळ सुरक्षित झाली. आज पशुवैद्य बैलाला खोड्यात उभे करतो, गुंगीचे इंजेक्शन देतो, आणि कान व डोळा यांच्या मधून जाणाऱ्या मज्जातंतूपाशी लिग्नोकेन टोचतो. त्याने पापणीची उघडझाप थांबते. वेदना थांबविण्यासाठी पापणीतच वेगळे टोचावे लागते.

जोडीला स्वच्छता आली. लिस्टरने १८६७ साली कार्बॉलिक आम्लाने जखमा धुण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पण ते आम्ल डोळ्यात घालण्यासारखे नव्हते. डोळ्याला चालेल असे सौम्य जंतुनाशक, म्हणजे पोव्हिडोन आयोडीनचे पाण्यासारखे पातळ द्रावण, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले. १८७१ साली बायर या रसायनशास्त्रज्ञाने बनविलेला फ्लुओरेसीन हा रंगही असाच उपयोगी पडला. त्याचा थेंब डोळ्यात टाकून धुतला की पारपटलावर जेथे ओरखडा असेल तेवढीच जागा हिरवी चमकते. पापणी फाटली असताना आतल्या पारपटलाला इजा आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इजा असेल आणि डोळ्यात स्टेरॉइडचे थेंब गेले तर व्रण भरण्याऐवजी खोल जातो.

ज्ञान असणे वेगळे आणि ते वणी किंवा दारव्ह्याच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचणे वेगळे. जगातील पहिली पशुवैद्यकीय शाळा १७६२ साली फ्रान्समध्ये लिआँ येथे क्लोद बूर्जला याने सुरू केली. लंडनला १७९१ साली शाळा निघाली. आपल्या प्रांतात मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली परळला, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या रुग्णालयाच्या आवारात सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हे लष्करी पशुवैद्य होते. तेव्हाच्या पशुवैद्यकाचा जीव लष्कराच्या घोड्यात अडकलेला होता, हे त्यावरून कळते. बैल नंतर आला आणि कुत्रे-मांजर तर फारच उशिरा.

यवतमाळची गोष्ट आणखी वळणाची आहे. १९०५ पर्यंत हा जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई आणि वऱ्हाडात मोडे. स्वातंत्र्यानंतर वऱ्हाड मध्य प्रदेश राज्यात होते आणि त्या राज्याचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ साली जबलपूरला निघाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, जबलपूर पलीकडे राहिले. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ साली सुरू झाले. १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण भागातले जनावरांचे दवाखाने त्यांच्या कारभारात गेले. म्हणजे शिकलेला पशुवैद्य तालुक्याच्या आतल्या गावांपर्यंत पोहोचू लागला त्याला फार काळ झालेला नाही. त्याआधी गावात जाणकार होते. त्यांतले काही हाड बसविण्यात, अडलेली गाय सोडविण्यात खरोखर तरबेज असत. पण पापणीसाठी त्यांच्याकडेही हळद, राख आणि सुरी यापलीकडे साधन नव्हते.

आता टाका कसा घालतात ते पाहू. पापणीला रक्तपुरवठा इतका भरपूर असतो की काळवंडलेला, सुजलेला, बारीक देठावर लोंबणारा तुकडाही बहुधा जगतो. म्हणून कडा अगदी नावापुरत्या खरवडतात, ताजे रक्त येईल इतक्याच. एरवी जखमेतले मेलेले मांस मोकळ्या हाताने काढणारा शल्यविशारद येथे हात आखडता घेतो. जखम दोन थरांत शिवतात. आतला थर विरघळणाऱ्या दोऱ्याने, आणि टाका पापणीच्या आतल्या पृष्ठभागातून आरपार न नेता, कारण तेथे गाठ आली तर प्रत्येक उघडझापीला ती पारपटलाला घासेल. बाहेरचा पहिला टाका नेमका किनारीवर. तो इंग्रजी आठच्या आकड्यासारखा असतो. (मराठी ८ काढून दाखविल्यास विद्यार्थी गोंधळतील!) या आकारामुळे किनारीची दोन्ही टोके एका पातळीत येतात आणि गाठ डोळ्यापासून दूर राहते. किनार जुळली की बाकीचे टाके सोपे. दहा ते चौदा दिवसांनी ते काढतात. तोवर कुत्र्याच्या गळ्यात प्लास्टिकची मोठी गळपट्टी घालतात, नाही तर तो पंजाने सारे उसवून टाकतो. जखम नाकाकडच्या कोपऱ्यात असेल तर काम नाजूक होते, कारण अश्रू नाकात वाहून नेणारी नळी तेथूनच निघते.

एवढे कळल्यावर तरी 'जास्तीचे' कापणे थांबले असेल असे वाटते. पण विसाव्या शतकात कुत्र्यांच्या दवाखान्यांत तीच चूक पुन्हा झाली, आणि या वेळी शिकलेल्या हातांनी. काही जातींच्या पिल्लांत तिसऱ्या पापणीच्या बुडाची ग्रंथी जागेवरून निसटून बाहेर येते. डोळ्याच्या कोपऱ्यात लालबुंद चेरी ठेवल्यासारखी दिसते, म्हणून तिला 'चेरी आय' म्हणतात. दिसते वाईट, कापणे सोपे, रक्तही फारसे जात नाही. म्हणून ती कापून टाकणे हाच कित्येक वर्षे नेहमीचा उपचार होता. कुत्रा बरा होऊन घरी जाई, मालक खूश होई. काही वर्षांनी त्याच कुत्र्याचा डोळा चिकट, निस्तेज, कोरडा होऊन येई. मधे इतका काळ गेलेला असे की दोन गोष्टींचा संबंध चटकन जोडला जात नसे.

तो जोडला गेला मोजमापाने. जर्मन नेत्रवैद्य ऑटो शिर्मर याने १९०३ साली एक साधी चाचणी सुचविली होती. गाळणकागदाची पट्टी पापणीत अडकवायची आणि ठरावीक वेळात ती किती मिलिमीटर भिजते ते पाहायचे. निरोगी कुत्र्यात एका मिनिटात ती साधारण १५ मिलिमीटर किंवा अधिक भिजते. या पट्टीने मोजले तेव्हा कळले की अश्रूंचा सुमारे एक तृतीयांश भाग ही छोटी ग्रंथीच पुरवते. १९९३ साली अमेरिकेत ८९ कुत्र्यांच्या नोंदींची एक पाहणी प्रसिद्ध झाली. ग्रंथी कापलेल्या कुत्र्यांत डोळे कोरडे पडण्याचे प्रमाण ग्रंथी पुन्हा जागी बसविलेल्या कुत्र्यांपेक्षा बरेच जास्त आढळले. आता ग्रंथी आत ढकलून तिच्यावर पडद्याचाच खिसा शिवतात. ज्यांची कापली गेली त्यांतल्या ज्या कुत्र्यांचे डोळे कोरडे पडतात, त्यांना बहुधा आयुष्यभर डोळ्यात औषध घालावे लागते. त्यातले सायक्लोस्पोरिन हे औषध आधी कुत्र्यांच्या कोरड्या डोळ्यांवर गुणकारी ठरले आणि नंतर, २००२ साली, अमेरिकेत माणसांसाठी मंजूर झाले.

शेवटी कामाचे थोडे. शाळेजवळच्या कुत्र्याची किंवा विद्यार्थ्याच्या घरच्या बैलाची पापणी फाटलेली दिसली आणि दवाखाना सकाळीच उघडणार असला, तर काय करावे? एक लिटर पाणी उकळून त्यात दोन सपाट चहाचे चमचे मीठ घालावे, निवू द्यावे आणि त्याने डोळा हलकेच धुवावा. लोंबणारा तुकडा त्याच पाण्यात भिजविलेल्या स्वच्छ कापडाखाली ओला ठेवावा. तो कापू नये. हळद, राख, स्पिरिट, साबण यांतले काही डोळ्याजवळ नेऊ नये. जखमेत अळ्या पडल्या तर शरीरावर इतरत्र टर्पेंटाइन लावतात, ते डोळ्याजवळ कधीही लावू नये. घरात उरलेले डोळ्याचे थेंबही घालू नयेत, त्यांत स्टेरॉइड असू शकते. कुत्र्याला अनोळखी कुत्रा चावला असेल तर ते पशुवैद्याला आधी सांगावे, कारण मग रेबीजचा विचार करावा लागतो. अशा वेळी हाताळणाऱ्याने हातमोजे घालावेत, आणि मुलांना लांब ठेवावे.